महागाई दोघींना सारखीच

आगरदांड्याच्या आमच्या घरात दोन म्हाताऱ्या आहेत. एक माझी आई आणि दुसरी तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी खाला. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, म्हणून आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. खालू मचव्यावर खलाशी होते. खालाला श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात. सकाळी दिघीच्या फेरीबोटीच्या वेळेला कोळीण दारात येते. बोंबलांचा वाटा दोघींना एकाच भावाने मिळतो. पण भाव चढले की काही महिन्यांनी आईच्या पैशांत थोडी भर पडते, खालाच्या नाही. ‘असं का रे?’ असे तिने एकदा विचारले. मी कविता करणारा माणूस. उत्तरासाठी इतिहासात शिरावे लागले.

मुंबई सरकारने १९२१ साली मजूर कचेरी उघडली. मुंबईतल्या कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक ती काढू लागली. निर्देशांक म्हणजे काय? तांदूळ, रॉकेल, कापड, घरभाडे अशा ठरलेल्या गरजांची एक टोपली घ्यायची आणि ती काल केवढ्याला पडत होती, आज केवढ्याला पडते, हे पाहायचे. गरिबाच्या तक्रारीला त्यामुळे आकडा मिळाला.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि भाव भडकले. मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी संप केला. तो सुमारे ४० दिवस चालला. त्या गिरण्यांत आपल्या कोकणातली माणसे किती होती, हे सांगायला नकोच. सरकारनेही युद्धाच्या काळात आपल्या कमी पगाराच्या नोकरांना धान्यमहागाईचा भत्ता सुरू केला. युद्ध संपेल, भाव उतरतील, भत्ता थांबेल, असा तेव्हाचा हिशेब. युद्ध संपले, पण भत्ता काही थांबला नाही, कारण महागाई थांबली नाही.

निवृत्तांनाही अशीच तात्पुरती वाढ देण्याची पद्धत पडली. १९६० पर्यंत आपल्याच मुंबई राज्यात असलेल्या गुजरातेत निवृत्तांच्या या रकमेला ‘हंगामी वधारो’ म्हणतात. आपल्याकडे ‘महागाई वाढ’ म्हणतात. हंगाम कधीच सरला. नाव मात्र राहिले.

आईच्या वाटेवरही खड्डे होतेच. १९७४ मध्ये चलनवाढ रोखण्यासाठी केंद्राने कायदा करून नोकरदारांच्या वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीने ठेवीत घातला. करोनाच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये, केंद्राने नोकरदार आणि निवृत्त दोघांचेही तीन हप्ते गोठवले. जुलै २०२१ पासून दर १७ टक्क्यांवरून २८ टक्के झाला, पण मधल्या काळाची थकबाकी दिली नाही. तरीही निवृत्तांच्या हाती एक आधार होता. १७ डिसेंबर १९८२ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने नकारा खटल्यात सांगितले, की निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नव्हे, तो केलेल्या सेवेचा हक्क आहे.

आता खालाकडे येतो. श्रावणबाळचे पैसे २०१९ मध्ये ६०० वरून १००० झाले आणि २०२३ मध्ये १५००. वाढ झाली, हे खरेच. पण ती सरकारने ठरवले तेव्हा झाली, निर्देशांक चढला म्हणून नव्हे. दोन निर्णयांच्या मधली सारी महागाई म्हाताऱ्या माणसाने आपल्या ताटातून भरायची. आणखी एक दुःख आहे. ज्या गिरणी कामगारांनी हा भत्ता लढून मिळवला, त्यांच्या वारसदार खासगी कामगारांना १९९५ च्या योजनेतून निवृत्तिवेतन मिळते. त्याची किमान रक्कम २०१४ मध्ये १००० रुपये ठरली. तेही निर्देशांकाला बांधलेले नाही.

खालूंनी आयुष्यभर समुद्रावर राबून काढले, पण त्यांच्या सेवेचे पुस्तक कुणी भरले नाही. एवढाच तो फरक. टोपलीचा हिशेब १९२१ पासून मांडला जातो आहे. आणखी एका रकान्यात तो लिहायला नवे शास्त्र लागत नाही. खालाला मी हे सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, ‘म्हणजे माझे बोंबील त्यांनी मोजलेच नाहीत.’