हिरडा, हिराकस आणि दप्तराची शाई

विळीवर आवळा चिरला आणि विळी तशीच न धुता भिंतीशी टेकवून ठेवली, की थोड्या वेळाने पात्यावर निळसर काळा डाग उमटतो. नुसत्या पाण्याने तो जात नाही, चिंच लावून घासावे लागते. लोखंडी कढईत त्रिफळा भिजवून तो केसांना लावणाऱ्या बायकांना हा रंग चांगलाच ओळखीचा आहे. याच रंगाने युरोपातली शेकडो वर्षांची दप्तरे लिहिली गेली, आणि याच रंगाने आपल्याकडच्या कचेऱ्यांतल्या कितीतरी वह्या भरल्या. फाउंटन पेनात भरायची निळी-काळी शाई, जिला आपण ‘ब्लू-ब्लॅक’ म्हणतो, ती मुळात हीच.

कृती ऐकली तर वाटेल, एवढेच? तुरट फळ घ्यावे, ठेचून पाण्यात भिजवावे, त्यात हिराकस घालावा, थोडा डिंक घालावा, झाली शाई. फळातला तुरटपणा म्हणजे टॅनिन. हिराकसात लोह असते. दोघांची गाठ पडली की काळा रंग तयार होतो. युरोपातले लोक यासाठी ओकच्या झाडावर किड्यामुळे येणाऱ्या गाठी वापरीत. त्यांतल्या सीरियातल्या अलेप्पोच्या गाठी उत्तम समजत. ही गाठ म्हणजे परकी वस्तू मात्र नव्हे. ती म्हणजे आपले मायफळ! बाळगुटीत मायफळ आणि हिरडा हे दोन्ही सहाणेवर उगाळले जातात. ज्या घरात तान्हे मूल, त्या घरात शाईचा अर्धा मालमसाला हजर असे, म्हणाना.

आता हे सगळे मी धसईच्या निमित्ताने का सांगतो आहे? मुरबाड तालुक्यातले धसई हे आसपासच्या पाड्यांचे बाजाराचे गाव. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी: धाकोबा, दुर्ग, जरा उत्तरेला नाणेघाट. नाणेघाटाच्या गुहेत सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. दोन हजार वर्षे तो दगडात टिकून आहे. यज्ञ किती केले, दक्षिणा किती दिली, सारा हिशेब त्यात कोरला आहे. त्याच घाटमाथ्यावर, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत, हिरड्याची झाडे आहेत. महादेव कोळी, ठाकर ही मंडळी हिरडा गोळा करतात, वाळवतात, विकतात. कोवळा असताना तोडून वाळवला तो बाळहिरडा, औषधाला जाणारा. पिकला तो मोठा हिरडा, चामडे कमावायला आणि रंगाला जाणारा. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातून हिरड्याची जहाजेच्या जहाजे विलायतेला जात. तिथल्या व्यापाऱ्यांनी बंदरावरून आणि मुलखावरून मालाला नावे पाडली होती. त्यांतले एक नाव होते ‘विंगोर्ला’, म्हणजे आपले वेंगुर्ले.

जाता जाता कातकऱ्यांबद्दल एक गोष्ट. खैराचा कात काढणारे म्हणून ते कातकरी. कातही तुरटच, आणि हिराकसाशी तोही काळा पडतो; पण त्या काळ्यात हिरवट झाक असते. हिरडा, आवळा, मायफळ यांच्या काळ्यात निळी झाक. तुरटपणाच्या दोन जाती आहेत, त्या रंगावरून ओळखू येतात.

आपली जुनी मराठी शाई मात्र निराळी होती. ती काजळाची. दिव्याचे काजळ आणि डिंक पाण्यात मनसोक्त घोटायचे, बोरूने लिहायचे, वर वाळू टाकायची. पुण्याच्या पेशवे दप्तरातला रुमाल सोडून एखादा मोडी कागद हाती घेतला, तर अजून ती वाळू अक्षरावर चमकते. काजळ म्हणजे शुद्ध कोळसा. त्याला उन्हाचे भय नाही, हवेचे नाही. कागदालाही ते काही करीत नाही. भय एकच, पाण्याचे. अक्षर कागदाच्या वर बसलेले असते, आत गेलेले नसते. ओल्या फडक्याने पुसले तर बरेचसे निघून येते. समर्थांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक सबंध समास लिहिला आहे. चहूकडे समास सोडावा, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर वाचते, असा व्यवहार त्यात सांगितला आहे. टिकाऊपणाची चिंता जुनीच आहे.

हिराकसाच्या शाईचा स्वभाव उलटा. ती कागदाच्या आत शिरते. ताजी असताना ती फिकी असते, पाण्यात पूर्ण विरघळलेली असते. लिहून झाल्यावर हवेतला प्राणवायू तिला लागतो, लोहाचे रूप पालटते, आणि तंतूंच्या आतच काळा, न विरघळणारा साका बसतो. म्हणून या शाईने लिहिलेले अक्षर दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा काळे दिसते. लिहिताना दिसावे तरी म्हणून त्यात निळा रंग घालू लागले. लंडनच्या हेन्री स्टीफन्सने 1830 च्या दशकात अशी निळी-काळी शाई विकायला काढली. निळा रंग पुढे उडाला तरी चालतो, तोवर मागून काळा आलेला असतो.

पण फुकट काही मिळत नाही. या मिलाफात गंधकाम्ल सुटते. बोरूला त्याचे काही वाटत नसे, पिसाच्या लेखणीलाही नाही. पोलादी निबेचा टाक आला आणि निबा खाल्ल्या जाऊ लागल्या. टाकाची निब स्वस्त, गंजली की दुसरी लावली, भागले. फाउंटन पेनाची गोष्ट वेगळी. 1884 साली अमेरिकेत वॉटरमनने आपल्या पेनाचे पेटंट घेतले. निबेखालच्या जिभेत बारीक खाचा. त्यांतून शाई खाली येते, हवा वर जाते. अशा खाचेत साका बसला तर पेन मुकेच झाले. चांगल्या पेनांना सोन्याची निब लावीत ती काही केवळ श्रीमंती मिरवायला नव्हे. सोन्याला हे आम्ल बाधत नाही.

शाईवाल्यांनाही बदलावे लागले. 1890 साली जर्मनीत श्लुटिश आणि नॉयमान या दोघांनी दप्तराच्या शाईचे एक प्रमाण बांधून दिले: एक लिटर पाण्यात टॅनिक आम्ल 23.4 ग्रॅम, गॅलिक आम्ल 7.7 ग्रॅम, हिराकस 30 ग्रॅम, डिंक 10 ग्रॅम, थोडे मिठाचे आम्ल, आणि बुरशी येऊ नये म्हणून ग्रॅमभर फिनॉल. यात लोह पडते शेकडा 0.6 च्या आसपास. ही टाकाची शाई. फाउंटन पेनात ती भरली तर डिंकच आधी घात करील. आपल्याकडे भारतीय मानक संस्थेने फाउंटन पेनाच्या लोहयुक्त शाईचे मानक ठरवले, त्यात लोह शेकडा 0.1. म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा. पेन चालावे एवढी पातळ, अक्षर राहावे एवढी जड.

ज्यांना अजून अशी शाई वापरायची हौस आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. हिरडा-हिराकसाची घरी केलेली शाई टाकाने किंवा बोरूने खुशाल वापरा, फाउंटन पेनात कधीही घालू नका. पेनासाठी म्हणून केलेल्या लोहयुक्त शाया जर्मनीत, इंग्लंडात, जपानात आजही तयार होतात. पेन रोज चालते ठेवावे, आठ-पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने धुवावे, एका शाईत दुसरी मिसळू नये. जीभ तुंबली तर क जीवनसत्त्वाच्या पातळ द्रावणात थोडा वेळ ठेवावी. साका पुन्हा विरघळतो. कपड्यावरच्या गंजाच्या डागाला आपण लिंबू लावतो, त्यातलाच हा प्रकार. दौतीच्या तळाशी गाळ दिसू लागला, की ती दौत टाकून द्यावी, तिथे काटकसर करू नये. चित्र काढणाऱ्यांना या शाईचा एक फायदा आहे. रेघ पुरती वाळली, की तिच्यावरून पाण्याचा कुंचला फिरवला तरी काळी रेघ पसरत नाही, फक्त निळी छटा थोडी सुटते. रेम्ब्रांटने या शाईने चित्रे काढली. आज ती तपकिरी दिसतात, पण काढली तेव्हा ती काळी होती.

असो. चित्राची शाई उडाली तर चित्र जाते. दप्तराची उडाली तर शेत जाते.

घाटावर 1875 साली सुप्यापासून दंगे उसळले, तेव्हा शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हुडकून जाळले. कागदावरच्या अक्षरात काय ताकद आहे, हे न वाचता येणाऱ्यालाच जास्त कळत होते. पुढे 1948 साली मुंबई राज्याचा कूळकायदा झाला आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. ऐकायला किती सोपे! पण कसत होता हे ठरवायचे कशावरून? गाव नमुना सात-बारावरून. तलाठ्याने पीकपाहणीच्या रकान्यात कसणाराचे नाव कोणते घातले, रीत कोणती दाखवली, इतर हक्कांत कुळाचे नाव आहे की नाही, यावरून. भाताच्या चार खाचरांचा मालक कोण, हे बोटभर रुंदीच्या रकान्यातली एक ओळ सांगणार. पुढे आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा 1974 चा कायदा आला, तेव्हाही पुन्हा तेच फेरफार, तीच पाने.

आता कल्पना करा, कौलारू चावडी, मुरबाडचा पाऊस, आणि गळक्या कोपऱ्यातले दप्तर. त्या ओळीत लोहाची शाई असेल, तर पान भिजून वाळले तरी नाव राहील. शाळेतली पोरे वापरतात ती धुतली जाणारी निळी शाई असेल, तर निळा ढग राहील आणि नाव जाईल. बाटलीवर ‘ब्लू-ब्लॅक’ लिहिले, की आत लोह असतेच असे नाही; पुष्कळ शाया नुसत्या रंगाच्या, फक्त छटा तशी. रंगाची शाई वाईट असे मी म्हणत नाही. मुंबईत 1931 साली दांडेकर बंधूंनी घोडा छाप शाईच्या पुड्या आणि वड्या काढल्या, पुढे उंट छाप शाई आणली, आणि ते नाव कॅम्लिन होऊन घराघरांत गेले. बंगालमध्ये 1934 साली सुलेखा निघाली. या मंडळींनी शाळेच्या पोराला स्वदेशी दौत दिली. पण निबंधाची शाई वेगळी, फेरफाराची वेगळी. इंग्लंड-वेल्समध्ये लग्नाच्या नोंदवहीत याच लोहयुक्त शाईने लिहायचे, असा दंडक पार 2021 पर्यंत होता. त्या वर्षी मे महिन्यात वह्या गेल्या आणि संगणक आला.

आणि ज्यांनी डोंगरातून हिरडा उतरवला, त्यांनी त्या पानांवर काय उमटवले? बहुतेकांनी अंगठा.

लोहाची शाई पुसता येत नाही असे मात्र नाही. ऑक्झॅलिक आम्लाने ती फिकी पडते, आणि खाडाखोड करणाऱ्यांना ही युक्ती फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तरीही कागदाच्या तंतूंत लोहाचा अंश अनेकदा मागे राहतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातले पंडित पुसट पानांवर मायफळाचा काढा फासून अक्षर पुन्हा काळे करीत. अक्षर दिसे, पण पान पुढे डागाळून नासे. आता तसे करावे लागत नाही. अतिनील प्रकाशात लोहाची शाई गडद दिसते, आणि डोळ्यांना न दिसणारी ओळही पुष्कळदा वाचता येते. अवरक्त प्रकाशात उलटे होते: लोहाची शाई विरून जाते आणि काजळाची शाई काळीच राहते. एका ओळीत दोन शाया असतील, तर तिथे त्या वेगळ्या होतात.

दुसरा शत्रू शाईच्या पोटातच आहे. जे आम्ल निब खाते, ते कागदही खाते. जास्तीचे लोह त्यात भर घालते. आधी अक्षराभोवती तपकिरी कडा येते, मग मागच्या बाजूला अक्षर उमटते, शेवटी अक्षराच्या जागी भोक पडते. ओलावा याला फार मदत करतो. 1990 च्या दशकात नेदरलँड्सच्या योहान नेवेल यांनी यावर कॅल्शियम फायटेटचा उपाय शोधला. ते मोकाट लोहाला धरून बांधून ठेवते. हे फायटेट धान्याच्या कोंड्यात असते, भाताच्या कोंड्यातसुद्धा. अर्थात कोंडा चोळून पान वाचत नाही. ते काम प्रशिक्षित हाताचे, आणि जुन्या पानाला घरी पाण्याचा थेंबही लावू नये. कोरडे ठेवावे, सपाट ठेवावे, प्लॅस्टिकचे आवरण चिकटवून घेऊ नये.

धसईने डिसेंबर 2016 मध्ये रोकडविरहित गाव म्हणून नाव मिळवले. दुकानादुकानांत कार्ड ओढायची यंत्रे बसली. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सात-बारा मिळू लागला. तलाठ्याच्या पेनात आता काय भरले आहे, यावर कोणाचे शेत अडत नाही. जुन्या हस्तलिखित पानांची छायाचित्रेही संगणकावर चढली आहेत, आणि साध्या वाचनाला ती पुरतात. पण कुळाच्या जुन्या दाव्यात खाडाखोडीचा आरोप निघाला, तर छायाचित्राचा उपयोग होत नाही. कागदात उतरलेले लोह त्यात येत नाही. तिथे मूळ पान मागवावे लागते, आणि ते तहसिलीच्या अभिलेख कक्षात धड अवस्थेत असावे लागते.