पेनिसिलिनला पुरून उरलेले जिवाणू

प्रतिजैविकांचा इतिहास बहुधा औषधाचा शोध आणि जिवाणूंचा प्रतिरोध या दोन टप्प्यांत सांगितला जातो. परंतु प्रतिरोध न करताही औषधाला पुरून उरणाऱ्या मंदगती जिवाणूंचा इतिहास पेनिसिलिनच्या वापराइतकाच जुना आहे. 1944 मध्ये डब्लिनचे जिवाणुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी ‘लॅन्सेट’मध्ये असे दाखवले, की पू निर्माण करणाऱ्या स्टॅफिलोकॉकसच्या संवर्धनात पेनिसिलिन घातल्यावर सुमारे दहा लाखांत एखादी पेशी तग धरते, मात्र तिची प्रजा वाढवून पाहिली, तर ती त्याच औषधाला पूर्वीइतकीच बळी पडते. पेनिसिलिन वाढत्या पेशीलाच मारते, म्हणून वाढ थांबलेली पेशी वाचते, हे बिगर यांनी ओळखले. अशा पेशींना त्यांनी ‘पर्सिस्टर’ हे नाव दिले आणि औषध मध्ये थांबवून, त्या वाढू लागल्यावर पुन्हा द्यावे, असा उपायही सुचवला. इतके नेमके निरीक्षण पुढे कित्येक दशके मागे पडावे, ही वैद्यकाची मोठी हानी होय.

याहून वेगळा, पण तितकाच चिवट प्रकार म्हणजे लघुवसाहती जिवाणू. विषमज्वराच्या जिवाणूंमध्ये खुज्या वसाहती 1910 मध्येच नोंदल्या गेल्या होत्या. रक्तमिश्रित आगरच्या बशीवर नेहमीचा स्टॅफिलोकॉकस ऑरियस एका रात्रीत टपोऱ्या, सोनेरी वसाहती धरतो आणि भोवतालचे रक्त विरघळवतो; त्याच्या लघुवसाहती मात्र टाचणीच्या टोकाएवढ्या, रंगहीन असतात आणि दिसू लागण्यास दोन-तीन दिवस घेतात. ऊर्जानिर्मितीची इलेक्ट्रॉन-वहन साखळी बहुधा उत्परिवर्तनामुळे अधू झाल्याने त्यांच्या पटलावरील विद्युतभार घटतो आणि त्या भाराच्या जोरावर पेशीत शिरणारे जेंटामायसिन बाहेरच राहते. शिवाय विषे कमी स्रवत असल्याने हे जिवाणू यजमानाच्या पेशीत, तिला न मारता, दडून राहू शकतात. 1995 मध्ये रिचर्ड प्रॉक्टर व सहकाऱ्यांनी वारंवार उलटणाऱ्या संसर्गाच्या पाच रुग्णांत ते दाखवून दिल्यावर प्रयोगशाळेतील हे कुतूहल रुग्णशय्येशी जोडले गेले.

हाडांच्या वा कृत्रिम सांध्यांच्या उलटणाऱ्या संसर्गात 24 तासांवर ‘वाढ नाही’ असा अहवाल देणे म्हणूनच पुरेसे नाही. बशा किमान 72 तास उबवणपेटीत ठेवल्याच पाहिजेत.