मागे राहिलेली लाडाई

हिंगोली जिल्हा तसा नवा. परभणीतून वेगळा होऊन तो १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. त्यातले कयाधूकाठचे नर्सी हे गाव मात्र मराठी वाङ्मयाच्या इतिहासात शतकानुशतके आहे. परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान म्हणून नर्सीला मान दिला आहे. (पंढरपूरचा दावा मांडणारे अभ्यासकही आहेत, तो वाद येथे उकरण्याचे कारण नाही.) वर्गात आपण जे नामदेव शिकवतो ते कीर्तनकार, पंजाबपर्यंत गेलेले यात्रिक, गुरु ग्रंथसाहिबात ६१ पदे असलेले संत. त्यांच्या घराचा उंबरठा मात्र आपण घाईने ओलांडून पुढे जातो.

आज कुटुंब, शरीर आणि तगून राहणे या विषयांवरच्या लेखनाची चर्चा निघाली की ती बहुधा दलित व स्त्री-आत्मकथनांपासून सुरू होते. ते अयोग्य नाही, पण अपुरे आहे, असे मला नामदेवांच्या घराकडे पाहताना वाटत आले आहे. आई गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई, नारा, विठा, गोंदा, महादा हे मुलगे, मुलगी लिंबाई, सुना आणि गंगाखेडहून आलेली दासी जनाबाई. या शिंप्याच्या घरातल्या बहुतेकांच्या नावावर अभंग सांगितले जातात. महाराष्ट्र शासनाने १९७० साली प्रसिद्ध केलेली नामदेव गाथा चाळणाऱ्याला या घरातली भांडणेही ऐकू येतात. गोणाई-राजाईच्या तोंडचे सारेच अभंग त्यांचे स्वतःचे असतील का, ही शंका रास्त आहे. पण ते ज्याने कोणी रचले त्याला रिकाम्या मडक्यांची चांगली ओळख होती. आणि संप्रदायाने आपल्या एवढ्या मोठ्या संताविरुद्धची ही घरगुती तक्रार गाथेबाहेर टाकली नाही, याचे मोल मी अधिक मानतो.

परिसाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. परिसा भागवतांच्या पत्नीने राजाईची दैना पाहून तिला परीस दिला, राजाईने लोखंडाचे सोने केले, बाजार आणला, चूल पेटली. नामदेवांना हे कळताच त्यांनी परीस चंद्रभागेत टाकला. पुढे भागवत चिडून आले तेव्हा नामदेवांनी नदीतून ओंजळभर खडे काढून दिले आणि ते सगळेच परीस निघाले. कथेचा शेवट भागवतांच्या गर्वहरणात होतो. दुसऱ्या दिवशीच्या बाजाराचे काय झाले, हे कीर्तनात कोणी विचारत नाही.

या घरातली सर्वांत विलक्षण व्यक्ती मला राजाईही वाटत नाही, जनाबाईही नाही. ती आहे थोरली सून लाडाई. परंपरा सांगते की शके १२७२ च्या, म्हणजे इ. स. १३५० च्या आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवांसह सारे कुटुंब पंढरपूरच्या महाद्वारी समाधिस्थ झाले. लाडाई तेवढी नव्हती; ती बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. तिच्या नावावरच्या अभंगात या वियोगाचा आकांत आहे. सर्वांनी देह विठ्ठलाला वाहिला, मलाच का ठेवले, असा तिचा प्रश्न आहे, आणि मागे राहिल्याबद्दल ती स्वतःलाच पापिणी म्हणते. तिच्या वाचण्याचे कारण तिचे गर्भार शरीर. तिचा अपराधही तोच. अभंगाच्या शेवटी लाडाई देह अर्पण करायला निघते. परंपरा मात्र नामदेवांचा वंश तिच्यापासून पुढे चालला असे सांगते. या दोन लाडाईंचा मेळ मला अजून घालता आलेला नाही. तो घालण्याची घाई कोणी करू नये, असेही वाटते.

मध्ये सहा शतकांहून अधिक काळ ठेवून बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) वाचावे. लाडाईच्या अभंगात बाळंतपण हे केवळ गैरहजेरीचे कारण आहे. बेबीताईंच्या पुस्तकात त्याला अंग आहे: उपाशी बाळंतीण, पोटाला आवळलेल्या चिंध्या, अन्नावाचूनचे पहिले दिवस. महारवाड्यात तगून राहणे ही एकटीची गोष्ट नव्हती, म्हणून ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ हा शब्द तिथे जड आहे. हे लिखाण लेखिकेने कित्येक वर्षे घरात लपवून ठेवले होते. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) वडिलांच्या मागे बांबूची आयदाने विणत मुले जगवणारी आई आहे. मागे राहिलेली बाई येथे स्वतःला पापिणी म्हणत नाही. ती हातातले काम सोडत नाही, एवढेच.

हिंगोली जिल्ह्यातून पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. कापसाचा आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा. तेथे जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतले गेले, मोठा गदारोळ झाला, आणि शेवटी उद्घाटन केले वैशाली येडे यांनी. पतीने आत्महत्या केलेली ही शेतकरी स्त्री श्याम पेठकर लिखित, हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाटकात काम करत होती. त्यात शेतकऱ्यांच्या विधवाच रंगमंचावर उभ्या राहतात. निमंत्रणवापसीची नामुष्की झाकण्यासाठी त्यांना बोलावले, अशी टीका करता येईल, आणि ती खोटी ठरणार नाही. पण त्या दिवशी व्यासपीठावरून बोलली ती घरातला पुरुष गेल्यावर मुलांसह मागे राहिलेली बाई, आणि समोर मराठी साहित्यव्यवहारातली मंडळी ऐकत बसली होती.