दोन डबे, पंचवीस वर्षं

सोसायटीचं पहिलं वर्ष ज्यांनी पाहिलंय, त्यांना गेटजवळचा सिमेंटचा हौद आठवत असेल. भाजीचे देठ, माशांची खवलं, माडाच्या झावळ्या, पिशव्या, सगळं त्यातच. आठवड्याने कोणीतरी काडी लावायचं. धूर निवला की आम्हाला वाटायचं, कचरा संपला!

जपानमध्येही हेच चालायचं. शिकोकू बेटावर कामिकात्सु हे डोंगरातलं, आज जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव आहे. तिथे कचरा उघड्यावर जाळत. पुढे विषारी धुराबद्दलचे नियम कडक झाले आणि भट्ट्या बंद कराव्या लागल्या. मग गावाने कचरा वेगळा करायला घेतला आणि २००३ मध्ये ‘शून्य कचरा’ हा संकल्प जाहीर केला. घरोघर कचरागाडी येत नाही. लोक स्वतः केंद्रावर जाऊन चाळीसहून अधिक प्रकारांत कचरा ठेवतात. २०२० पर्यंत शून्य गाठायचं होतं, ते काही साधलं नाही. पण सुमारे ८० टक्के कचरा पुन्हा वापरात जातो.

‘जपानी शिस्त आपल्याला कुठची जमायला!’ असं म्हणणाऱ्यांनी वेंगुर्ल्याला जाऊन यावं. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथल्या नगरपरिषदेने डम्पिंग ग्राउंडचं उद्यान केलं. सुका कचरा २७ प्रकारांत वेगळा होऊ लागला, ओल्याचा बायोगॅस. तीही कोकणातलीच माणसं.

जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्यांवर अनामत घेतात; रिकामी बाटली दुकानात दिली की २५ सेंट परत. हे वाचून हसूच आलं. गोटी सोड्याची बाटली परत दिल्याशिवाय आपला दुकानदार हलू द्यायचा का? मुंबईत राहिलेल्यांना आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्याही आठवतील. आपण जी पद्धत सोडली, तिला त्यांनी कायद्याचं बळ दिलं.

कायदे आपल्याकडेही आहेत. घनकचऱ्याचे पहिले नियम २००० सालचे, म्हणजे जवळजवळ सोसायटीच्याच वयाचे. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक असे तीन भाग घरातच करायला सांगितले. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली. आपणही हौद पाडून हिरवा आणि निळा डबा आणला. पण मे महिन्यात पाहुणे आले की आंब्याच्या साली, बाठे, पेंढा, पिशव्या, सगळं पुन्हा एकाच डब्यात! एका घराने मिसळलं की बाकीच्यांची मेहनत फुकट, आणि ते चिवडायला हात कोणाचे? सफाईला येणाऱ्या मावशींचे.

आपल्याला चाळीस डबे नकोत. आहेत ते दोन नीट सांभाळू, आणि मागच्या बाजूला माडांजवळ खताचा एक खड्डा करू. येत्या वार्षिक सभेत मी हा ठराव मांडणार आहे. अनुमोदनाला हात वर यावेत, एवढीच विनंती.