परळचं वाडिया: इमारत एकदा, हॉस्पिटल रोज

आपल्या अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं, अजून उभं आहे. पण हॉस्पिटल नुसतं उभं राहून चालत नाही.

स्लो लोकलने परळला उतरा. तिथलं मुलांचं वाडिया हॉस्पिटल गिरणीमालक नेस आणि कुसरो वाडिया या भावांनी १९२९ मध्ये आई जेरबाईंच्या नावाने काढलं. वडिलांच्या नावाचं प्रसूतिगृह १९२६ चं. भोवती कामगारांच्या चाळी, म्हणजे जागा अचूक निवडली.

तरी जानेवारी २०२० मध्ये थकलेल्या सरकारी अनुदानावरून नवे पेशंट घेणं थांबलं. लोक रस्त्यावर उतरले, मग पैसे सुटले.

मी सॉफ्टवेअरवाला, माझ्या भाषेत सांगतो: लाँच एकदाच होतं, मेंटेनन्स कायमचा. नव्या बालरुग्णालयाची घोषणा ऐकलीत, की एवढंच विचारा: दहाव्या वर्षी नर्सचा पगार कोण देणार?