दुव्याखालची चौकट : पूर्वदृश्य येते कोठून?

फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप किंवा एक्स (पूर्वीचे ट्विटर) यांवर एखाद्या बातमीचा दुवा टाकताच छायाचित्र, मथळा व काही ठिकाणी थोडक्यात सारांश असलेली चौकट उमटते. ही चौकट, म्हणजेच पूर्वदृश्य, समाजमाध्यम स्वतः पान तपासून रचते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तिच्यातील मजकूर बहुधा त्या संकेतस्थळाच्या चालकानेच लिहून ठेवलेला असतो.

फेसबुकने एप्रिल २०१० मध्ये ‘ओपन ग्राफ’ ही पद्धत जाहीर केली. तीनुसार पानाच्या एचटीएमएलमधील ‘हेड’ या भागात काही मेटा टॅग लिहावे लागतात. शीर्षक, प्रकार, चित्र व पानाचा कायमचा पत्ता हे चार टॅग आवश्यक, तर सारांशाचा टॅग ऐच्छिक आहे. ट्विटरने २०१२ मध्ये ‘ट्विटर कार्ड’ ही स्वतःची पद्धत आणली. मात्र शीर्षक, सारांश व चित्र यांसाठी तिचे टॅग नसल्यास ओपन ग्राफचे टॅग वाचण्याची सोय तीत ठेवण्यात आली.

चौकट नीटनेटकी दिसण्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचे असावे; फार लहान चित्र कोपऱ्यात आकसून दिसते, तर उभ्या चित्राच्या कडा कापल्या जातात. चित्राचा पत्ता ‘एचटीटीपीएस’पासून पूर्ण द्यावा. जावास्क्रिप्टद्वारे मागाहून भरलेले टॅग सहसा वाचले जात नाहीत.

खरी अडचण येते ती चूक दुरुस्त करताना. फेसबुक एकदा वाचलेले टॅग काही काळ साठवून ठेवते. त्यामुळे पानावरील मथळा बदलला, तरी नव्याने टाकलेल्या दुव्याखाली जुनाच मथळा दिसू शकतो. अशा वेळी फेसबुकच्या ‘शेअरिंग डीबगर’ या साधनात पत्ता भरून पान पुन्हा वाचून घ्यावे लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर हा उपाय चालत नाही. तेथे चौकट पाठविणाऱ्याच्याच फोनवर तयार होऊन संदेशासोबत जाते. एकदा पोहोचलेला चुकीचा मथळा पानावर दुरुस्ती झाली तरी तसाच राहतो.

या चौकटीचा गैरवापरही होतो. दुवा देणाऱ्याने मथळा व चित्र परस्पर बदलू नये, म्हणून फेसबुकने २०१७ मध्ये तशी मुभा काढून घेतली. खोट्या बातम्यांना आळा घालणे हा त्यामागील हेतू होता. तथापि, संकेतस्थळाच्या चालकाने मुळातच दिशाभूल करणारे टॅग लिहिले असतील, तर चौकटही तशीच दिसते. तिच्यातील मथळा पानावरील मथळ्याशी जुळेलच असे नाही.

म्हणूनच चौकट पाहून दुवा पुढे धाडण्यापूर्वी पान उघडून ब्राउझरमधील पत्ता, मूळ मथळा व तारीख पाहणे इष्ट. चौकट ही पानाने स्वतःविषयी दिलेली माहिती आहे. तिची शहानिशा कोणी केलेली असतेच असे नाही.