पाश्चरचे स्फटिक आणि २७ अंशांची सीमा

१८४८ सालचा वसंत. फेब्रुवारीच्या क्रांतीने फ्रान्सचे सिंहासन उलथवले होते, आणि त्याच पॅरिसमध्ये एकोल नॉर्मालच्या प्रयोगशाळेत २५ वर्षांचा लुई पाश्चर स्फटिक निवडत बसला होता.

कोडे जुने होते. द्राक्षमद्याच्या पिंपांत साचणाऱ्या क्षारापासून मिळणारे टार्टारिक आम्ल पाण्यात विरघळवले की ते ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवी. तीच मूलद्रव्ये त्याच प्रमाणात असलेले पॅराटार्टारिक आम्ल मात्र प्रकाशाला जागचे हलवीत नसे. जर्मन रसायनज्ञ मित्शरलिख याने तर १८४४ मध्ये जाहीर केले होते, की दोन्ही आम्लांच्या सोडियम-अमोनियम क्षारांचे स्फटिक तंतोतंत सारखे आहेत.

पाश्चरने पॅराटार्टारिक आम्लाच्या क्षाराचे द्रावण सावकाश आटू दिले. स्फटिक दोन प्रकारचे निघाले. काहींचे छोटे पैलू उजवीकडे कललेले, काहींचे डावीकडे. जणू दोन हातांचे तळवे. त्याने ते एकेक करून वेगळे केले. एका राशीचे द्रावण प्रकाश उजवीकडे वळवी, दुसरीचे डावीकडे.

चौऱ्याहत्तरीतला ज्येष्ठ शास्त्रज्ञ बियो सहजी विश्वास ठेवणारा नव्हता. त्याने आम्ल स्वतःचे दिले, क्षार डोळ्यांदेखत करवून घेतला, द्रावण आपल्यापाशी ठेवून घेतले. पाश्चरने स्फटिक निवडून दिल्यावर बियोने डाव्या राशीचे द्रावण स्वहस्ते उपकरणात ठेवले. एक दृष्टिक्षेप पुरला. म्हातारा गहिवरला.

पण एक गोष्ट तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती. या क्षाराला तापमानाची एक सीमा आहे: सुमारे २७ अंश सेल्सिअस. द्रावणातून आधी बाहेर पडते ते कमी विद्राव्य रूप. सीमेखाली डावे-उजवे सुटे स्फटिक कमी विद्राव्य असतात, म्हणून तेच साचतात. सीमेवर पारडे फिरते: डावे आणि उजवे रेणू एकाच स्फटिकात बसलेले जोडरूप कमी विद्राव्य ठरते, आणि निवडायला काही उरतच नाही. ही सीमा १८८०च्या दशकात हॉलंडच्या व्हान्ट हॉफ आणि व्हान डेव्हेंटर यांनी निश्चित केली.

म्हणजे सारा नशिबाचा खेळ? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पॅरिसच्या वसंतातला गारवा पाश्चरच्या कामी आला खरा. परंतु मित्शरलिखनेही याच क्षाराचे स्फटिक तपासले होते, आणि ते इवले पैलू त्याच्या नजरेतून निसटले होते.